तीर्थन नदीवरचे दोन परवाने

नांदेडला गोदावरीच्या काठी आमचं घर होतं. घर म्हणजे तीन बाजूंना पत्रे आणि चौथ्या बाजूला फाटक्या जाळ्यावर टाकलेली पोती. आम्ही भोई. बाप पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पाण्यात जायचा आणि माय त्यानं आणलेले मासे पाटीत घालून बाजारात बसायची. पाटीत जे उरेल ते आमच्या ताटात. उरायचं काय, तर डोकी आणि झिंग्यांचा चुरा. पावसाळ्यात नदी घरात यायची आणि उन्हाळ्यात नदीतच पाणी नसायचं. पुढं नदीवरच्या धरणातले मासे ठेक्यानं गेले आणि बाप ज्या पाण्यात लहानाचा मोठा झाला त्याच पाण्यात दुसऱ्याच्या नावानं मजुरीनं जाळं टाकायला लागला.

मी आठ वर्षांची असेन. अंगणात जाळं वाळत घातलं होतं, शाळेला उशीर झाला होता, आणि मी वळसा न घालता ते सरळ ओलांडलं. बाईमाणसानं जाळ्याला हात लावायचा नाही, पाय तर नाहीच, हा आमच्यातला नियम. दुसऱ्या दिवशी बापाच्या जाळ्यात काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी चूल पेटली नाही तेव्हा मायनं मला धरून मारलं. बाप जाळं उलगडत बसला होता. नियम बापाचा होता, पण त्याची चौकीदार माय होती.

पुढं मी शिकले ते मायच्या त्याच पाटीवर. नांदेडला बी.एस्सी. केलं, प्राणिशास्त्र घेऊन. मग बी.एड. आता लातूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरातच काय, अख्ख्या भावकीत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. कॉलेजात पहिल्यांदा मासा चिरायला दिला तेव्हा बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावून मागं सरल्या, आणि मी पाच मिनिटांत अख्खी पचननलिका काढून ट्रेमध्ये मांडली. सरांनी पैकीच्या पैकी गुण दिले. पण मेलेला मासा चिरणं वेगळं. पाण्यातून जिता मासा मी कधी काढलाच नव्हता. मायनंही नव्हता.

म्हणून मला एक मासा धरायचा होता. माझ्या हातानं, वाहत्या पाण्यातून, आणि माय समोर उभी असताना. एवढंच. या ‘एवढंच’पायी दीड वर्ष माझं डोकं कसं उठलं, ते सांगायला बसले आहे.

लातूर

तुम्ही म्हणाल, गोदावरी काय आटली होती? नांदेडला जाऊन गळ टाकायचा, संपलं. पण तिथल्या घाटावर प्रत्येक माणूस मला बापाच्या नावानं ओळखतो. किशनची पोरगी गळ टाकून बसलीय, ही बातमी मी घरी पोहोचायच्या आधी घरी पोहोचली असती. मला जिथं कुणी ओळखत नाही असं पाणी हवं होतं. मग एकदा मोबाईलवर एक बाई पाहिली. हिमालयातल्या कुठल्याशा नदीत गुडघाभर पाण्यात उभी, हातात लांब लवचिक काठी, काठीला जाड दोरी, आणि दोरीच्या टोकाला पिसांचा बनवलेला नकली किडा. ती दोरी डोक्यावरून मागंपुढं फिरवायची आणि किडा अलगद पाण्यावर सोडायची. जाळं नाही, तराफा नाही, शेजारी पुरुष नाही. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला.

आमचे मिस्टर पाटबंधारे खात्यात आहेत. आयुष्य पाण्याच्या फायलींमध्ये गेलं, पण स्वतः घोटाभर पाण्यात उतरणार नाहीत. त्यांना मी जेवताना सांगितलं.

"मासे खायचेत का तुला? गंजगोलाईच्या बाजारात मिळतात की."

"खायचे नाहीत. धरायचेत. आणि लहान असला तर सोडून द्यायचाय."

त्यांनी घास खाली ठेवला. "सोडायचाच असेल तर धरायचा कशाला?"

"तुम्ही दर रविवारी क्रिकेट बघता, त्यातला बॉल घरी आणता का?"

यावर त्यांनी पुन्हा घास उचलला, पण पटलं म्हणून नाही. भात गार होत होता म्हणून.

शाळेत तर याहून अवघड. सुट्टीत हिमाचलला जाणार म्हटल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न, "ज्वालाजीला का?" नाही म्हटलं. "मग नैनादेवी?" नाही हो, मासे धरायला. सगळ्या एकमेकींकडं पाहायला लागल्या. आमच्याकडचं माणूस डोंगर चढतं ते देवासाठी, माहूर असो की हिमालय, दुसरं कारण कुणाच्या डोक्यात बसतच नाही. शेवटी मराठीच्या बाईंनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "असू द्या. जाताच आहात तर वाटेत एखादं देऊळ लागेलच. माझ्या नावानं नारळ फोडा." दुसऱ्या दिवशी टेबलावर तीन नारळ होते.

सुट्टी कधीची घ्यायची यावर मी विचारच केला नाही. शिक्षक माणूस दिवाळीच्या सुट्टीत जातो, हे आमच्या रक्तात आहे. गाडीचं आरक्षण केलं, पिसांचे किडे मागवले, काठी मागवली, आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे जे सगळ्यात आधी करायचं ते सगळ्यात शेवटी, तिथल्या वाटाड्याला फोन केला. तीर्थन नदीच्या खोऱ्यातला हिराचंद नावाचा माणूस. साठीचा असावा, आवाज खोकल्यानं भरलेला.

"मैडम जी, नवंबर में? नवंबर से फरवरी तो नदी बंद रहती है. मछली अंडे देती है."

माझी प्राणिशास्त्राची पदवी समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत होती. मी तिच्याकडं पाठ करून बसले. माशांचा विणीचा हंगाम मी दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवते, आणि माझी मायसुद्धा कुठल्या महिन्यात कुठला मासा गाभोळीचा असतो हे झोपेत सांगेल. दोघींपैकी कुणालाच विचारावं असं मला सुचलं नाही.

"मग कधी येऊ?"

"अप्रैल में आइए. बढ़िया पानी."

एप्रिलमध्ये पेपर तपासायचे असतात. निकाल लावायचा असतो. मधेच कसली तरी ड्युटी लागते. भारतातल्या माशांचं आणि महाराष्ट्रातल्या मास्तरांचं वेळापत्रक कुणीतरी मुद्दाम उलटं बनवलं आहे. मी मे ठरवला. हिराचंद म्हणाला, तेव्हा बर्फ वितळून पाणी भारी असतं. म्हटलं असू दे, भारी तर भारी.

आता सराव. लातुरात सराव कुठं करायचा? ज्या शहरानं रेल्वेनं आणलेलं पाणी प्यालंय तिथं मासे धरायचा सराव करायला पाणी मागणार कुणाकडं? मी गच्चीवर उभी राहून कोरड्यातच दोरी फिरवायला लागले. दोरी मागं जाऊ द्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढं आणायची. तो क्षणभराचा थांबा मला जमेना. चौथ्या दिवशी किडा शेजारच्या पांचाळ काकूंच्या गच्चीवर गेला आणि कुरडया वाळत घातलेल्या साडीत रुतला. मी ओढलं.

"अवो मॅडम!" काकू जिन्यातून ओरडल्या. "माझ्या कुरडया कुठं निघाल्या?"

इस्लापूर

रद्द झालेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडला जाऊन मायला घेतलं आणि आम्ही इस्लापूरला गेलो. तिथं माझा मामेभाऊ मारोती राहतो. पैनगंगेवर मासे धरतो. सहस्रकुंडाच्या खालच्या अंगाला, धबधब्याची गर्दी जिथं येत नाही असा डोह तो दाखवणार होता. दाखवला. पण गर्दी आमच्या मागं मागं आली. धबधबा रोजचाच, पण बाईच्या हातातली असली काठी कुणी कधी पाहिली होती? कुणी म्हणालं सर्व्हे चाललाय, कुणी म्हणालं पूल होणार हाय.

मारोतीनं काठी वाकवून पाहिली. "अक्का, ह्यो चाबूक घेऊन बैल हाकाया आली का?"

मायनं किड्यांची डबी उघडली. लाल, पिवळे, चमचमणारे, एकेक नखाएवढा. तिनं एक बोटांत धरून उन्हात पाहिला.

"ह्ये कोंबड्याच्या मानंचं पीस हाय."

"हो."

"परदेशातून मागवलं म्हणली तू."

"परदेशातल्या कोंबड्याचं आहे."

"आन् आपल्याकडचे कोंबडे काय नागडे फिरतेत का?"

मारोती हसून हसून खाली बसला. मग मी पाण्याकडं निघाले तशी माय उठली, वीस पावलं मागं गेली आणि नदीकडं पाठ करून दगडावर बसली.

"माय, इकडं बघ ना."

"म्या बघत न्हाई. तू काय करून राहिली ते म्या बघितलंच न्हाई."

"जाळं नाही हे. काठी आहे."

"मासा त्योच हाय ना?"

बी.एड. बाजूला ठेवून मी पाण्यात उतरले. दोन तासांत मी प्लॅस्टिकची एक पिशवी, स्वतःची ओढणी आणि मारोतीचा शर्ट पकडला. शर्ट त्याच्या अंगात होता. शेवटी त्याला माझी दया आली. खांद्यावरचा पाग, म्हणजे हातजाळं, त्यानं एकदा गोल फेकला आणि सात-आठ मासे बाहेर आणले. "घे अक्का, ह्ये धरून फोटू काढ. कुनाला कळतंय?"

मला कळत होतं. मी फोटो काढला नाही. मायनं मात्र ते मासे ओढून घेतले, मोठे एका बाजूला, लहान एका बाजूला केले आणि येसराचा मसाला घालून असं कालवण केलं की मी रागातही तीन भाकरी खाल्ल्या.

मे महिन्यात मी एकटी जाणार होते. माय समोर उभी असावी हे माझ्या मनात होतं, पण जी बाई पैनगंगेकडं पाठ करून बसते तिला हिमालयात कसं न्यायचं? विचारलंच नाही. तर तीच फोनवर म्हणाली, "संगं कोन हाय तुझ्या?"

"कुणी नाही. यांना सुट्टी नाही."

"एकली बाई येवढ्या लांब चालली आन् जावई गप बसलेत? म्या येते. पर पान्याजवळ येनार न्हाई, आत्ताच सांगते."

तीर्थनच्या खोऱ्यात

गाडी, बस, पुन्हा बस, आणि प्रत्येक वळणावर मायचं "आगं माय" याबद्दल लिहीत नाही. तिच्या पिशवीत जवारीचं पीठ, शेंगाची चटणी, येसर, स्टाफरूमनं पुन्हा नव्यानं दिलेले तीन नारळ आणि साडीत गुंडाळलेली विळी होती. विळी का, असं विचारल्यावर म्हणाली, "मासे धराया चालली ना तू? मग चिरनार कशानं, दातानं?"

हिराचंद बसथांब्यावर उभा होता. डोक्यावर पट्टीची हिमाचली टोपी, पायात रबरी बूट. त्याच्या घरीच आम्ही राहिलो. लाकडाचं घर, वर स्लेटच्या दगडांचं छप्पर, खाली नदीचा आवाज, इतका की पहिल्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींशी ओरडूनच बोलत होतो. हिराचंदची बायको बिमला सिड्डू घेऊन आली. गव्हाच्या पिठाचे वाफवलेले मोठे गोळे, आत अक्रोडाचं सारण, वर तूप. मायनं एक मोडून पाहिला. "ह्ये तर आपलं दिंड हाय. पुरन घालायचं इसरली बिचारी."

मग तिनं बिमलाशी बोलायला सुरुवात केली. नांदेडच्या बाजारात निम्मं गिऱ्हाईक हिंदी बोलणारं, त्यामुळं मायची हिंदी जोरदार आहे, पण ती आमच्याकडची. "हमारे उधर पानी गरम रैता अम्मा. उसमें पाँव डाले तो चाय में डाले जैसा. तुमारी मछली कू ठंड नै लगती क्या?" बिमला पदरात तोंड लपवून हसायची आणि पुन्हा पुन्हा काहीतरी विचारायची, फक्त ऐकायला.

दुसऱ्या दिवशी मत्स्य खात्याच्या चौकीवर परवाना काढायला गेलो. तिथल्या माणसानं विचारलं, "कितने लोग मछली पकड़ेंगे?"

मी म्हटलं, "दो." आणि मायचं आधारकार्ड पुढं केलं.

बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं. "ह्येच्यावर माझं नाव कामून?"

"असू दे."

"म्या धरनार न्हाई. फाड त्यो कागद."

"सरकारी कागद हाय माय. फाडता येत न्हाई."

असं काही नसतं हे मला ठाऊक आहे. पण सरकारी कागद म्हटल्यावर तिनं तो चार घड्या करून चंचीत ठेवला, तंबाखू दुसऱ्या कप्प्यात सारून. बापानं पुढची सगळी वर्षं दुसऱ्याच्या नावाखाली मासे धरले. आमच्या घरात मासे धरायचा परवाना पहिल्यांदाच आला होता, आणि तो केवळाबाई किशन या नावाचा होता. हे मी तिला बोलले नाही. बोलले असते तर तिनं खरंच फाडला असता.

नदी कशी होती? गोदावरी पाहिलेल्या माणसाला ती नदी वाटायचीच नाही. पाणी हिरवट काचेसारखं, तळातला एकेक गोटा दिसतो, आणि एवढ्या आरडाओरड्यानं पळतं की जणू मागं कुणी लागलंय. मायनं लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "पानी हाय का न्हाई त्येच कळंना." पण पाय घातला की कळायचं. हाडात शिरणारं गार. मी भाड्याचे रबरी बूट घालून उतरले आणि पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही बुटांत पाणी भरलं.

पहिला दिवस झाडांनी खाल्ला. मागं फिरवलेली दोरी देवदारात अडकायची. हिराचंद सोडवायला चढायचा आणि वरून म्हणायचा, "मैडम जी, मछली नीचे है." दुसऱ्या दिवशी वर कुठंतरी पाऊस झाला आणि पाणी गढूळ. तिसऱ्या दिवशी पाणी निवळलं, दोरी झाडात गेली नाही, मागचा थांबाही जमला, आणि तरी काही नाही. मासे दिसत होते. मोठ्या दगडांच्या आडोशाला, प्रवाहाकडं तोंड करून, शेपटी हलवत उभे. माझा लाल किडा त्यांच्या डोक्यावरून जायचा, पिवळा जायचा, चमकीचा जायचा. एखादा मासा किंचित वर यायचा, पाहायचा आणि पुन्हा खाली. माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरची मुलं मी सूत्र लिहायला लागले की जशी पाहतात, तसं.

"अप्रैल में आना था," हिराचंद तिसऱ्यांदा म्हणाला.

"एप्रिलमध्ये पेपर असतात!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की पलीकडच्या काठावरची गाय उठून गेली.

माय या तिन्ही दिवसांत नदीकडं पाठ करून बसली. पण पहिल्या दिवशी ती तीस पावलांवर होती, दुसऱ्या दिवशी पंधरा, आणि तिसऱ्या दिवशी पाठ अर्धीच वळलेली होती. मी पाहिलं. पाहिलंय असं दाखवलं नाही.

तिसरी संध्याकाळ

आम्ही मासे न खाताच परत जातोय याचं हिराचंदला वाईट वाटलं असावं. दुपारनंतर तो स्वतःच्या परवान्यावर वरच्या वळणाला गेला आणि एक मोठा ट्राऊट मासा घेऊन आला. पिवळसर अंग, त्यावर काळे-लाल ठिपके. अंगणातल्या नळाखाली बसून तो चाकूनं पोट फाडायला लागला.

माय ओसरीवर बसली होती. थोडा वेळ तिनं सहन केलं.

"असं कापतेत का? अवो भय्या! रुको, रुको. हाथ मत लगाओ." ती आतून विळी घेऊन आली, नळाशी फतकल मारून बसली आणि मासा त्याच्या हातातून काढून घेतला. चाळीस वर्षांचा हात. एका रेषेत पोट उघडलं. आतडी बाहेर आली, आणि तिनं ती फेकली नाहीत. अंगठ्यानं दाबून एका जागी फाडली आणि आतला काळा लगदा तळहातावर पसरला.

"हिकडं ये."

मी गेले.

"ह्ये बघ ह्येनं काय खाल्लंय. बारके काळे किडे. आन् ह्ये खडे न्हाईत, किड्यांची घरं हायत. वाळूचा कन कन चिटकवून नळीवानी केलेली. दगडाखाली ऱ्हात असतील." तिनं एक नळी नखानं फोडली. आत मळकट अळी होती. "ह्यात तुझं लाल कुठं हाय? पिवळं कुठं हाय? चमकी कुठं हाय?"

"तुला कसं माहीत, पोटात बघायचं?"

"गिऱ्हाईक इचारतं ना, मासा गटारीचा का नदीचा. पोट बोलतं. तुमच्या कालेजात बघत न्हवते का?"

कॉलेजात आम्ही पचननलिका काढली, धुतली, मांडली, नावं दिली. आकृतीला गुण मिळाले. आत काय आहे हे पाहायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही पाहिलं नव्हतं. मी उठून आत गेले आणि डबी उलटी केली. तळाशी दुकानदारानं फुकट टाकलेला एक किडा होता. काळपट, बुटका, पोटाला तांब्याची तार गुंडाळलेला म्हणून जड. इतका कुरूप की मी तो बाहेरच काढला नव्हता.

मायनं पाहिला. "ह्यो. ह्यो बांध उद्या."

शेवटची सकाळ

दुपारी बस होती. आमच्याकडं तीन तास. सकाळी निघतानाच मायनं एक नारळ घेतला, काठावर फोडला, पाणी नदीत ओतलं. मराठीच्या बाईंच्या नावानं फोडलास का म्हटलं तर म्हणाली, "त्यांनी काय मासा धरायचाय?" आणि ती बसली. माझ्यापासून पाच पावलांवर, तोंड नदीकडं करून.

मी काळा किडा बांधला आणि फेकला. लांब गेला. परत फेकला. फार लांब गेला. तिसऱ्यांदा प्रवाहानं दोरीच ओढून नेली.

"जवळ टाक," माय म्हणाली.

"अगं, लांबच टाकायचं असतं."

"मासा त्या दगडाखाली हाय. तू दिल्लीत कामून टाकून राहिली?"

"माय, मी शिकलेय हे."

"दिसून राहिलंय."

पुन्हा फेकला. दोरीचा गुंता पाण्यावर पसरला. पुन्हा. हिराचंद बिडी विझवून दुसरीकडं पाहायला लागला. माझ्या बोटांना संवेदना राहिली नव्हती, बुटात पाणी होतं, दोन तास संपले होते, आणि पाठीमागून दर मिनिटाला मायचं "च्च" ऐकू येत होतं. बाजारात नवखी सून मासा उलटा चिरायला लागली की ती जसं करायची, तसं.

"बघवंना गं बाई. सर बाजूला. दे हिकडं."

तिनं पदर खोचला, चपला काढल्या, आणि माझ्या हातातून काठी घेतली. मी बाजूला सरले. दिवाळीपासून मी तिला समजावत होते, काठी वेगळी आणि जाळं वेगळं, काळ बदललाय, परवाना निघालाय. त्यातलं काहीच लागू पडलं नव्हतं. तिचा फक्त धीर सुटला होता.

ती फेकाफेकीच्या भानगडीत पडली नाही. सरळ दगडावर गेली, वाकली, दोरी हातभरच मोकळी ठेवली, आणि किडा दगडाच्या कडेला असा सोडला की जणू गिऱ्हाइकाच्या पिशवीत मासा सोडतेय. तो बुडाला. वाहत गेला. काही नाही. उचलला, पुन्हा सोडला. काही नाही. तिसऱ्यांदा काठीचं टोक एकदम खाली गेलं.

"माय! सोडू नको!"

"तू गप बस."

"माताजी, आराम से, आराम से," हिराचंद पाण्यात उतरला. मासा दगडामागं गेला, प्रवाहात आला, एकदा अख्खा हवेत उडाला. माय दोन्ही पाय रोवून उभी होती, पाण्याचे सपकारे साडीवर येत होते, आणि ती त्या माशाला नांदेडच्या बाजारातल्या शिव्या देत होती, ज्या इथं लिहिता येत नाहीत. मग तो दमला. ती खाली बसली, हात ओला केला आणि त्याला पाण्यातून वर घेतलं.

वीतभर आणि वर चार बोटं. हिराचंदनं त्याच्या काठीवरच्या मापाच्या खुणेला लावून पाहिला आणि मान हलवली. लहान आहे, सोडावा लागेल.

मायचं लक्ष नव्हतं. तिनं अंगठ्यानं माशाचा कल्ला उचलून आत पाहिलं. लालभडक.

"ताजा हाय," ती म्हणाली.

हिराचंदला एवढं हसू आलं की खोकला थांबेना. मलाही आलं. मग मासा तिच्या हातात वळवळला आणि ती एकदम थांबली. बोट कल्ल्याच्या खाली होतं.

"ह्येचं काळीज लागून राहिलं बोटाला."

माशाचं हृदय तिथंच असतं, कल्ल्यांच्या मागं, खालच्या बाजूला. ती आकृती मी कितीदा फळ्यावर काढली आहे. मायनं तो दोन्ही हातांत धरून पाण्यात खाली नेला. बोटं उघडली. क्षणभर तो तसाच उभा राहिला, मग दगडाखाली गेला.

मी दोरी गुंडाळत होते. ती पाय पुसत होती.

"तुला मारलं व्हतं म्या," ती म्हणाली. "जाळं वलांडलं तवा."

"हो."

"उगंच मारलं."

मी दोरीचा शेवटचा फेरा गुंडाळला. तिनं चपला घातल्या आणि चंची उघडून परवाना भिजला का ते पाहिलं. भिजला नव्हता. "चल," ती म्हणाली, "त्या बिमलाला म्हनावं च्या टाक."

घरी आल्यावर आमच्या मिस्टरांनी विचारलं, मग किती धरलेस? स्टाफरूमनंही विचारलं, आणि पांचाळ काकूंनी गच्चीवरून विचारलं. सगळ्यांना सांगितलं तेच इथं लिहिते. हिमालयातल्या नदीवर चार दिवस उभी राहून मी एकही मासा धरला नाही. माझ्या मायनं, चाळीस वर्षं दुसऱ्यांनी धरलेले मासे विकणाऱ्या केवळाबाईनं, स्वतःच्या नावाच्या परवान्यावर, स्वतःच्या हातानं, वाहत्या पाण्यातून एक मासा धरला आणि सोडला.